चौतीस सेकंद

"मशीन चुकत नाही रे."

हे वाक्य मी कोणत्या सुरात म्हटलं ते मला नीट आठवतं, आणि तो सूरच बोचतोय. रिमोटच्या गाड्यांची शर्यत संपून बक्षिसं वाटून झाली होती. कोर्टवरच्या खुर्च्या एकात एक घालून उचलायचं काम चाललं होतं, पोरं उरलेली मिरची भजी कागदावरून थेट तोंडात टाकत होती, आणि पिवळ्या गाडीच्या टीमचा म्होरक्या माझ्याजवळ येऊन, आवाज खाली ठेवून म्हणाला, "काका, आमचे चार-पाच राऊंड कमी लागलेत काय?" भांडायचा आवाज नव्हता तो. दुकानातून घेतलेले सुटे पैसे माणूस पायरी उतरताना पुन्हा एकदा मोजतो ना, तसा. मी केबल गुंडाळत होतो. दिवसभर उन्हात उभं राहून डोकं उठलं होतं. मान वर न करताच मी ते वाक्य बोललो. तो "बरं" म्हणाला आणि खुर्च्या उचलायला गेला. हरलेल्या टीमने खुर्च्या उचलल्या. जिंकलेल्यांना मडगावला लवकर पोचायचं होतं.

रिमोटच्या गाड्यांचा नाद मला पन्नाशीच्या अलीकडे लागला. पुन्हा लागला, असं म्हणायला हवं. फोंड्याच्या आसपास आम्ही दहा-बारा जण आहोत. कोणी बँकेत, कोणी औषधांच्या कारखान्यात, एकाचं हार्डवेअरचं दुकान. रविवारी सकाळी कुठल्यातरी सिमेंटच्या कोर्टवर जमायचं, पाच-सात मिनिटांच्या शर्यती लावायच्या आणि ऊन चढायच्या आत घर गाठायचं. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या या गाड्या, साधारण हातभर लांब. मजा येते. पण त्या पाच मिनिटांत कोणाला कोणाची गरज लागत नाही. आपली गाडी, आपला रिमोट, आपलीच चूक. मला एकदा लांबची शर्यत लावून बघायची होती. सहा तास, सहा गाड्या, प्रत्येक गाडीमागे चार माणसं. एकाने अर्ध्या तासाच्या वर सलग चालवायचं नाही, आणि चौघांतल्या प्रत्येकाने निदान एक तास तरी चालवायचंच. म्हणजे टीममधल्या कच्च्या गड्याला झाकून ठेवता येणार नाही. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "सहा तास? चवथीला आरतीला उभं राहिलं की विसाव्या मिनिटाला तुमचे पाय दुखतात."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण आरतीला मी आयोजक नसतो.

नियमांचा कागद मी सगळ्यात आधी शेजारच्या माईंना दाखवला. माई निवृत्त शिक्षिका, जन्मभर पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळलेल्या. गाड्यांतलं त्यांना काही कळत नाही. पण आमच्या देवळात वर्षातून एकदा चोवीस तासांचं भजन असतं, त्याच्या पाळ्या गेली कित्येक वर्षं त्याच लावतात. वास्कोच्या दामोदराच्या देवळातल्या मोठ्या अखंड भजनी सप्ताहापुढे आमचं ते अगदीच घरगुती. सहा वाडे, चार-चार तास. पण नियम तोच, टाळ खंडता कामा नये. बदली येऊन बसल्याशिवाय आधीच्याने उठायचं नाही. पहाटे तीनच्या पाळीला घरात तान्हं मूल असलेल्याला घालायचं नाही, आणि ज्यांचं एकमेकांशी पटत नाही त्यांना मुद्दाम एकाच पाळीत घालायचं, म्हणजे दोघंही वेळेवर येतात. हे शहाणपण कुठल्या नियमपुस्तकात सापडत नाही. मी त्यांना फुशारकीने सांगितलं की फ्रान्समध्ये ले मान्सला चोवीस तासांची मोटारशर्यत १९२३पासून होते. माई म्हणाल्या, "मग दामोदराचा सप्ताह तिच्याहून थोरला." त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "हे सगळं ठीक. पण जेवणाच्या वेळी टाळ कोणाकडे?"

फेऱ्या मोजण्याबद्दल विचारत होत्या त्या. फेऱ्या मोजायला माझ्याकडे यंत्र होतं. प्रत्येक गाडीत काडेपेटीहून लहान असा ट्रान्सपॉन्डर बसवायचा, ट्रॅकवर आडवी तार टाकायची, गाडी तारेवरून गेली की तिचा नंबर आणि वेळ कॉम्प्युटरवर उमटते. पण यंत्र बंद पडलं तर हाताशी काही असावं म्हणून तीन माणसं कागदावर रेघा मारायला बसवायची ठरलं होतं, एकाकडे दोन-दोन गाड्या. पिवळी आणि हिरवी माईंकडे. "तुमच्या जेवणाच्या वेळी मी आहे ना," मी म्हणालो.

कोर्ट आमच्या गावच्या क्लबचं. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, ते दिवाळीपर्यंत वाळून काळ्या पापुद्र्यासारखं बसतं. दोन रविवार आम्ही ब्लिचिंग पावडर आणि खराटे घेऊन ते घासलं. ट्रॅकच्या कडा काय लावायच्या हा पुढचा प्रश्न. बाहेर याला खास पाइप मिळतात, पण आमच्याकडे मांडववाल्याच्या पोफळी, म्हणजे सुपारीच्या झाडाचे सोट, होत्या. उभ्या चिरलेल्या, गोल बाजू वर. दिसायला इतक्या सुंदर की आम्ही फोटो काढत बसलो. सरावाच्या पहिल्याच दिवशी तीन गाड्यांच्या पुढच्या सस्पेन्शनचे आर्म तुटले. पोफळ दबत नाही. मांडवाला जे लागतं तेच शर्यतीला मारक. मग वळणांवरच्या पोफळी काढून तिथे बागेतले जुने रबरी नळ टाकले, सरळ भागात पोफळी राहू दिल्या. त्यानंतर पकड. घासलेल्या सिमेंटवर गाडी साबणावरून जावी तशी घसरते, त्यावर आरसीवाल्यांचा, म्हणजे रिमोटच्या गाड्या चालवणाऱ्यांचा, जुना उपाय साखरेचं पाणी. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी बादलीत साखर विरघळवून झारीने ट्रॅकभर शिंपडली. वाळल्यावर चप्पल चर्र चर्र आवाज करत उचलावी लागत होती, म्हणजे काम झालं. सकाळी सहाला येऊन बघतो तर दुसऱ्या वळणापासून पिटपर्यंत, म्हणजे बॅटरी बदलायच्या जागेपर्यंत, मुंगळ्यांची रांग. गोव्यात साखर सांडून झोपायला जायचं हे कोणत्या शहाण्याला सुचतं? माईंनी कुंपणाच्या कडेला गुळाचे खडे ठेवायला सांगितले. नऊपर्यंत रांग वळली. सगळी नाही, पण वळली.

बॅटऱ्यांची मला जास्त धास्ती होती. या गाड्यांतल्या लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, बॅटऱ्या नाकावर राग असलेल्या पाहुण्यासारख्या. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर भरायचा नाही, तीन व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही, फुगलेली दिसली की हात लावायचा नाही. पेटली तर पाण्याने सहजी विझत नाही. चार्जिंगसाठी न जळणाऱ्या पिशव्या मिळतात, त्या सगळ्यांकडे नव्हत्या. मी डिचोलीहून मातीची मडकी आणली, प्रत्येक टीमच्या टेबलाखाली रेतीची बादली ठेवली. एका बॅटरीवर गाडी पंचवीसेक मिनिटं धावते, आणि तीच बॅटरी सांभाळून भरायची तर तास जातो. त्यात ती आधी थंड व्हायला हवी. या साध्या हिशेबात सहा तासांची शर्यत जिंकली किंवा हरली जाते. हिरवी टीम त्यात तरबेज. मडगावची चार इंजिनिअर पोरं, बॅटऱ्यांवर नंबरच्या पट्ट्या, कोणती कधी काढली, किती तापली याचा तक्ता, मोटर गार करायला छोटा पंखा. बघूनच कळत होतं की हे जिंकणार.

पिवळी टीम आमच्या शेजारच्या वाड्यावरची. नरकासुर करणारी पोरं ती. दिवाळीच्या आदल्या रात्री त्यांच्या नरकासुराचे हात हलतात, मान फिरते, ते ट्रकच्या वायपरच्या मोटरवर. आठवडाभर जागून केलेला तो राक्षस पहाटे जाळताना त्यांना काही वाटत नाही, मला मात्र वाटतं. म्होरक्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी कोणाकडून तरी मोडका सांगाडा घेऊन गाडी उभी केली होती, आणि त्यावरच्या कवचाला नरकासुराच्या जिभेचा उरलेला पिवळा ऑइलपेंट मारला होता. त्यांच्यात पॉलिटेक्निकला जाणारी एक मुलगी होती. चौघांत ती सगळ्यात संथ दिसायची आणि तिचीच वेळ सगळ्यात चांगली लागायची. गाडी आपल्याकडे तोंड करून आली की रिमोटचं डावं-उजवं उलटं होतं. नवखा माणूस तिथे एक क्षण अडखळतो, आणि त्या क्षणात गाडी पोफळीवर असते. ती अडखळत नसे. माईंनी पहिल्या तासातच ओळखलं. "ही मुलगी गाडीत बसून चालवते," त्या म्हणाल्या.

डावं-उजवं उलटं होण्यावरून आठवलं. मी सहावी-सातवीत असताना मामा जहाजावरून सुट्टीला आले ते चवथीच्या आदल्या दिवशी. त्यांनी दोन गाड्या आणल्या, अगदी सारख्या, लाल, लांब एरियलच्या. एक मला, एक मामेभावाला. गणपतीच्या खोलीत, वर बांधलेल्या फळा-पानांच्या माटोळीच्या खाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर आम्ही त्या सोडल्या आणि दोन मिनिटांत घोटाळा कळला. दोन्ही गाड्या एकाच फ्रिक्वेन्सीच्या, २७ मेगाहर्ट्‌झ. माझं बटण दाबलं की दोन्ही पळायच्या, त्याचं दाबलं की दोन्ही वळायच्या. आता प्रत्येक रिमोट आपल्या गाडीशी जोडलेला असतो, दहा गाड्या एकत्र धावल्या तरी कोणी कोणाची ऐकत नाही. तेव्हा तसं नव्हतं. मोठ्या माणसांनी सांगितलं, आळीपाळीने खेळा. आम्ही खेळलो. पण दुपारी सगळे आडवे झाल्यावर, भाऊ झोपला असताना, मी त्याची गाडी पडवीत नेली आणि माझ्या रिमोटने पायरीवरून खाली सोडली. का, ते आजही सांगता येणार नाही. पुढचं चाक निखळलं. संध्याकाळी मी म्हटलं, तुझी तूच पाडलीस. तो रडला नाही. तोही "बरं"सारखंच काहीतरी म्हणाला असावा.

शर्यत दहाला सुरू झाली. पहिले दोन तास लग्नघरासारखे गेले. सगळे ओरडत होते, पिटमध्ये एकमेकांच्या पायात पाय, दर दुसऱ्या मिनिटाला कोणी उलटा, आणि उलटलेल्या गाडीला सरळ करायला केशरी जाकीट घालून उभी असलेली मार्शल पोरं पळतायत. बारानंतर आवाज कमी झाला. लांबच्या शर्यतीची ही गंमत मला ठाऊक नव्हती. तिसऱ्या तासाला माणसं बोलायची थांबतात. फक्त मोटरींचा बारीक सूर, टायरांचा चिकट आवाज, मधूनच "पिट, पिट!" अशी हाक. साखर तापून तिचा करपल्यासारखा वास येत होता, त्यात गरम मोटरचा वास, त्यात क्लबच्या ओट्यावर उकळणाऱ्या पातळ भाजीचा. हिरव्या गाडीचा कप्तान स्वतःहून पिवळ्यांच्या टेबलाशी गेला आणि त्यांचा आर्म तुटला होता तिथे आपल्याकडचा नवा कोरा आर्म देऊन आला. पैसे घेतले नाहीत. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं वाचताना कोणाला ती पोरं खलनायक वाटायला नकोत.

दोनला दहा मिनिटं कमी असताना लाइट गेली.

कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, तो चालू राहिला. चार्जर मेले. सहा टेबलांवर सहा टीमांनी एकदमच वर बघितलं, जणू पंखा बंद पडावा तसं, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. जनरेटर सांगून ठेवला होता. तो वाटेत होता. तो अर्धा तास वाटेतच होता. माईंना औषधं घ्यायची असतात, दोनच्या पुढे त्या उपाशी राहू शकत नाहीत. त्या उठल्या, पेन्सिल माझ्या हातात दिली, म्हणाल्या, "पाच-पाचची जुडी कर. चार उभ्या, एक आडवी. आणि नजर काढू नकोस." मी बसलो. एका कानाला फोन. जनरेटरवाला विचारतोय, देवळाकडून वळायचं की शाळेकडून. समोर नोव्हेंबरचं ऊन, साखरेच्या पाण्याने चकाकणारं सिमेंट, आणि त्यावर दोन गाड्या. एक पिवळी, एक पोपटी हिरवी. सकाळी दहाला हे रंग कितीतरी वेगळे वाटत होते. दुपारी दोनला, समोरून येताना, उजेडात दोन्ही एकच.

शर्यत चारला संपली. कॉम्प्युटरवर हिरवी १,१८७, पिवळी १,१८४. सहा तासांत तीन फेऱ्यांचा फरक. टाळ्या, करंडक, खाज्यांचे पुडे, फोटो. आणि ते वाक्य.

तुळशीचं लग्न लागलं त्या रात्री मी निवांत बसलो होतो. बाहेर वृंदावनापाशी उसाच्या कांड्या आणि चिंच-आवळ्याच्या डहाळ्या तशाच होत्या, गल्लीत उरलेसुरले फटाके. प्रत्येक टीमला तिच्या सगळ्या फेऱ्यांच्या वेळा पाठवायचं कबूल केलं होतं, म्हणून फाइल उघडली. सुरुवातीला गंमत म्हणून बघत होतो. त्या आकड्यांत माणसं दिसतात. चालक बदलला की फेरी अर्ध्या सेकंदाने लांबते आणि पाच-सहा फेऱ्यांनी पुन्हा सावरते. बॅटरी उतरत आली की सतराचे हळूहळू साडेसतरा होतात. गाडी उलटली की बावीस, सव्वीस, कधी एकोणतीस. मार्शल पोर जागेवर आहे की आइसक्रीम खातंय यावर ते अवलंबून. पिट म्हणजे मिनिट, सव्वा मिनिट. मग पिवळ्या गाडीच्या रांगेत, दोन वाजून पाच ते दोन पस्तीस या वेळेत, मला एक आकडा दिसला. ३३.८. चार ओळींनी ३४.१. मग ३४.३. मग ३३.९. आणि एक ३४.६.

अपघात असे मापून होत नाहीत. सतराचे दुप्पट चौतीस. गाडी तारेवरून गेली आणि तारेने ती पाहिलीच नाही, पुढच्या फेरीला पाहिली, असा त्याचा सरळ अर्थ. आणि मग मला कारणही आठवलं, पाठीवर कोणी गार पाणी ओतावं तसं. दोनच्या सुमारास पिवळी गाडी पोफळीवर आदळून तिचा ट्रान्सपॉन्डर सुटला होता. तो खाली, जमिनीच्या जवळ असावा लागतो. वर गेला की सिग्नल तारेपर्यंत नीट पोचत नाही. घाईत पोरांनी तो वर, बॅटरीच्या पट्टीवर चिकटवला. दोन्हीकडून चिकटणारी टेप मागायला त्यांच्यातला एक जण माझ्याकडे आला होता. फोनवर बोलता बोलता मी खिशातून टेप काढून दिली. पस्तीसच्या पिटमध्ये त्यांनी तो पुन्हा खाली बसवला असणार, कारण त्यानंतर एकही चौतीस नाही.

पाच फेऱ्या. १,१८४ आणि पाच, १,१८९. करंडक चुकीच्या घरात.

आता तरी मशीन चुकत नाही म्हणू नये, तर मशीन चुकलं असंही म्हणवेना. त्याने जे पाहिलं ते लिहिलं. रात्री अकरा वाजता मी कपाट उघडून माईंची वही काढली. माईंची पानं म्हणजे पाटीवरचे धडे. पाच मिनिटांचा एक रकाना, वर वेळ, जुड्या एका उंचीच्या. कॉम्प्युटरशी ताडून पाहिलं तर तासाला एखाद्या रेघेचा फरक, तोही नाही कधी कधी. पानं उलटत दोन पाचवर आलो. आणि तिथे अक्षर बदलतं. तिरक्या, कशाबशा मारलेल्या रेघा, एका कोपऱ्यात जनरेटरवाल्याचा मोबाइल नंबर, "शाळेकडून" असा शब्द, त्याखाली दोनदा रेघ. माझं पान. शर्यतीतल्या ३६० मिनिटांपैकी जी ३० मिनिटं कोणीतरी नीट मोजायला हवी होती, नेमकी ती मी मोजली होती.

तरी मोजली. पिवळ्याच्या रकान्यात कॉम्प्युटरपेक्षा चार जास्त. क्षणभर हायसं वाटलं, म्हणजे निदान चार तरी खऱ्या. मग हिरव्याचा रकाना मोजला. कॉम्प्युटरपेक्षा पाच कमी. हिरव्या गाडीचा ट्रान्सपॉन्डर सुटला नव्हता, तिच्या वेळा एका सुरात होत्या, तिच्या पाच फेऱ्या मी कुठेतरी टाकल्या होत्या. कुठे, ते न कळण्याइतका मी मूर्ख नाही. उन्हात हिरवी येताना मी पिवळ्यात रेघ ओढत होतो. पिवळ्याच्या जास्तीच्या चार म्हणजे कदाचित हिरव्याच्याच. कदाचित नाही. पान काहीच सांगत नव्हतं. मी खूप वेळ त्याच्याकडे बघत बसलो, आणि माझ्या रिमोटवर पळणारी ती दुसऱ्याची लाल गाडी आठवून उगाचच हसू आलं. चांगलं हसू नव्हतं ते.

१९६६च्या ले मान्सला असाच एक घोटाळा झाला होता. फोर्डच्या दोन गाड्या चोवीस तासांच्या शेवटी जोडीने रेषा ओलांडतील असं ठरवून आणल्या, सामना बरोबरीत सुटावा म्हणून. पुढे असलेल्या केन माइल्सने त्यासाठी वेग कमी केला. मग अधिकाऱ्यांनी सांगितलं, दुसरी गाडी सुरुवातीला वीसेक मीटर मागे उभी होती, म्हणजे ती तेवढी जास्त धावली, म्हणून तिचे चालक मॅक्लारेन आणि एमन विजयी. माइल्स त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चाचणीच्या वेळी गाडीच्या अपघातात गेला. ही गोष्ट मी आधी किती जणांना रंगवून सांगितलीय! ऐकणाऱ्याने "अरेरे" म्हणावं म्हणून. त्या रात्री पहिल्यांदा माझ्या मनात त्या अधिकाऱ्यांचा विचार आला. तेही घरी गेले असतील, जेवले असतील.

दुसऱ्या दिवशी माईंना सांगितलं. वाटलं होतं, त्या काहीतरी समजुतीचं बोलतील. त्यांनी वही घेतली, माझं पान बघितलं, आणि शाळेतल्या बाई जशा बोटाने पान टोकरतात तसं टोकरलं. "नजर काढू नकोस म्हटलं होतं," एवढंच. मग चहा केला. मी विचारलं, सप्ताहात असं झालं तर? टाळ क्षणभर खंडला तर? म्हणाल्या, "खंडला तर सगळ्यांना ऐकू येतं. तुझ्याकडे कोणालाच ऐकू आलं नाही." पुढे काही म्हणतील म्हणून मी थांबलो, त्या दूध उतू जातंय का ते बघायला आत गेल्या.

मी चार दिवस घालवले. मनाशी सगळे वकिली मुद्दे मांडून झाले. हौशी शर्यत आहे, बक्षीस म्हणजे पत्र्याचा करंडक आणि खाजे, कोणाचं काय गेलं? मडगावच्या पोरांना फोन करून काय सांगायचं, की तुम्ही बहुतेक हरलात? बहुतेक! त्यांनी चूक काय केली? उलट आर्म दिला. हेही खरं की ती टीम ऐनवेळी थोडं जोरात चालवू शकली असती, पण तीन फेऱ्यांनी पुढे आहोत हे पडद्यावर दिसत होतं म्हणून शेवटची वीस मिनिटं त्यांनी गाडी जपून चालवली. पडदा वेगळं सांगत असता तर ते वेगळे धावले असते. म्हणजे आकडा बदलला की नुसता निकाल बदलत नाही, शर्यतच वेगळी होते. हा मुद्दा मला फार आवडला. इतका की त्याच्यावर माझा विश्वास बसेना.

पाचव्या दिवशी संध्याकाळी कागद छापून घेतला आणि म्होरक्याच्या दुकानात गेलो. फोंड्याच्या बाजारात आत, दोन माणसं उभी राहतील एवढं दुकान. भिंतीला पंख्यांची पाती, टेबलावर उघडा मिक्सर, जळालेल्या वार्निशचा वास. त्याने स्टूल पुसून दिलं. मी तोंडाने काही न बोलता कागद पुढे केला, पाच ओळींखाली पेन्सिलीने रेघा होत्याच. त्याने लगेच काही विचारलं नाही. आधी वरपासून वाचत आला, कोणाची पाळी कधी ते ओळखत, एका ठिकाणी हसला. "हे १६.१ तिचं." मग चौतीसवर थांबला. मी ट्रान्सपॉन्डर, टेप, तार, सगळं सांगितलं. माझ्या पानाचंही. ते सांगताना त्याच्याकडे न बघता मी टेबलावरच्या मिक्सरच्या कार्बन ब्रशकडे बघत होतो.

तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने टेस्टरचं टोक पहिल्या रेघेवर ठेवलं.

"काका, हा खरा आहे."

"खरा म्हणजे?"

"म्हणजे मशीनने बरोबर लावलाय. मी चालवत होतो. पलीकडच्या वळणावर उलटलो, मार्शल जागेवर नव्हता. तेवढाच वेळ गेला." टोक पुढे सरकलं. "आणि हा पण. बॉडीची पिन निघाली होती, थांबून लावली."

दोन गेल्या. उरल्या तीन. १,१८४ आणि तीन, म्हणजे बरोबरी. मी मनातल्या मनात मोजत होतो आणि त्याला ते दिसत होतं. त्याला एवढं नेमकं आठवतंय, की मला बोचू नये म्हणून तो आठवतोय, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. टोक तिसऱ्या रेघेवर आलं, ३४.३ वर.

"हा..." तो म्हणाला.

तेवढ्यात दारात एक बाई मिक्सरचं भांडं कापडात गुंडाळून घेऊन उभी राहिली. घरी पाहुणे आलेत, खोबरं वाटायचंय, आत्ताच बघून दे म्हणाली. तो उठला. कागद उडू नये म्हणून त्याने टेस्टर तसाच त्या ओळीवर आडवा ठेवला, भांडं हातात घेऊन खालचं पातं फिरवून बघितलं, आणि मला म्हणाला, "बसा हां काका, दोन मिनिटं."

मी बसलो.